सुनेचा आळस की नसांचा आजार?

शहापूर-मुरबाडकडच्या घरांत सून पाय ओढत चालू लागली, तिला एका डोळ्याने अंधूक दिसू लागले, की 'नजर लागली' नाहीतर 'कामाचा कंटाळा' ही दोनच कारणे सांगितली जातात. तिसरेही असू शकते, मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतील नसांचे आवरण कुरतडते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार जास्त.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल सोडतात. खरे तर ते दाह शमवणारे; आजार उसळल्यावर डॉक्टर शिरेतून देतात ते स्टेरॉइड त्याचेच भाऊबंद. पण ताण महिनोन्‌महिने चालला की हा तोल बिघडू शकतो. मोठ्या ताणानंतर आजार उसळण्याचे प्रमाण अभ्यासांत वाढलेले दिसले आहे. म्हणून ताणानेच आजार होतो असे नव्हे, आणि आम्ही सासूबाईंवर खापर फोडत नाही!

उन्हाचे वेगळे. अंग तापले की जुनी लक्षणे वाढतात, गार झाले की उतरतात. मात्र नवे लक्षण 24 तासांहून जास्त टिकले तर थांबू नये. मुरबाडला रेल्वे नाही, एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. तरी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावेच. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

रमजानात आजाऱ्याला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत कुरआनने (सूरह बकरा, 185) दिली आहे. तिला टोमणे मारू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात चौकशी करा.