आसनाजवळची जाळी



हायब्रिड गाडी घेताना आपली व्यापारी मंडळी मायलेजपाठोपाठ देखभालीचा हिशेब विचारतात. बचत होते ती ब्रेकवर, ऑइलवर नव्हे. वेग कमी होताना मोटरच जनित्र बनून बॅटरी भरते. त्यामुळे ब्रेक पॅड साध्या गाडीपेक्षा पुष्कळ अधिक टिकतात. पेट्रोल इंजिन मात्र आहेच. जवळच्या फेऱ्यांत ते पुरेसे तापत नाही, म्हणून किलोमीटर कमी झाले तरी ऑइल मुदतीत बदलावे.

साध्या गाडीत नसलेले एक काम येथे वाढते. मोठ्या बॅटरीला थंड ठेवणारी हवा अनेक गाड्यांत मागील आसनाजवळच्या जाळीतून आत जाते. आणि आपण नेमके तेथेच कापडाचे गठ्ठे, नमुन्यांच्या पिशव्या रचतो! जाळी कोंडली की बॅटरी तापते, तिचे आयुष्य घटते. टोयोटा भारतात या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देते. तरीही जाळी मोकळी ठेवणे व तिचा फिल्टर साफ करून घेणे आपल्याच हाती राहते.

चातुर्मासात प्रवासाची मर्यादा घेणाऱ्या घरी गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते. तेव्हा १२ व्होल्टची छोटी बॅटरी आधी उतरते. यासाठी अधूनमधून गाडी मोकळ्या जागी अर्धा-पाऊण तास चालू ठेवावी. त्यापूर्वी खाली वाकून एखादे मांजराचे पिल्लू बसलेले नाही ना, हे अवश्य पाहावे. विजेवर निघणारी ही गाडी त्याला आवाजाने सावध करीत नाही.