टेलचं गाणं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त भाच्याचं.

दिवाळीत आम्ही सगळे सिद्धेश्वरला जमलो होतो. संध्याकाळी धरणाच्या बाजूला फिरायला निघालो तेव्हा मी मोबाईलवर एक गाणं लावलं. पुण्यातली चार पोरं आहेत. स्वतः लिहितात, स्वतः चाली लावतात. त्यांना मी एका छोट्या हॉलमध्ये ऐकलं होतं. ऐकायला आम्ही जेमतेम तीसजण, त्यातले निम्मे वाजवणाऱ्यांचेच मित्र! भाच्याने अर्धं गाणं ऐकलं, मग गाण्याखालचा आकडा बघितला. चारशे बारा वेळा ऐकलं गेलेलं. म्हणाला, "मामा, एवढं चांगलं असतं तर आपोआप वर आलं नसतं का?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. (मला उत्तरं नेहमी परतीच्या बसमध्ये सुचतात.) पण तो 'आपोआप' शब्द काही डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय.

आमच्या गावाची ओळख म्हणजे धरण. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली आमचं सिद्धेश्वर. इथून निघालेला कालवा पार वसमत-परभणीकडच्या शिवारापर्यंत जातो. धरणाजवळ राहणाऱ्याला वाटतं, पाणी सोडलं म्हणजे झालं, जाईल आपोआप. पण कालव्याच्या शेवटाला, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'टेल' म्हणतात तिथे ज्याची जमीन आहे, त्याला विचारा. वरचे लोक आधी घेतात, जास्त घेतात, अधेमधे चारी फुटते, आणि टेलवाला रात्री बॅटरी घेऊन कोरड्या चारीत उभा असतो. टेलला पाणी आपोआप कधीच जात नाही. कुणीतरी पाळ्या लावाव्या लागतात, दारं बंद करावी लागतात, वेळप्रसंगी भांडावं लागतं. त्याच्या शेतात काही पिकलं नाही तर 'जमीनच हलकी असेल' असं आपण म्हणत नाही.

मग गाण्याच्या बाबतीत का म्हणतो?

तुम्ही म्हणाल, आता तर सगळ्यांना सारखी संधी आहे. खोलीत बसून गाणं रेकॉर्ड करायचं आणि टाकायचं. खरं आहे. दार सगळ्यांना उघडं आहे, पण पाणी कसं वाटतात तेही बघा. आपण स्पॉटिफायसारख्या ठिकाणी महिन्याची वर्गणी भरतो तेव्हा वाटतं, मी ज्याला ऐकलं त्याला माझे पैसे गेले. तसं होत नाही. सगळ्यांचे पैसे साधारणपणे एका हौदात जमा होतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढे पैसे त्याला. म्हणजे मी महिनाभर फक्त त्या चार पोरांना ऐकलं तरी माझ्या वर्गणीतला मोठा भाग जातो तो, ज्यांना मी कधी ऐकलंही नाही अशा मोठ्या नावांकडे. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायने नियम केलाय, की मागच्या बारा महिन्यांत गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळणार नाहीत. यूट्यूबवर नेहमीच्या व्हिडिओंसाठी जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं बघणं लागतं. चारशे बारावाले कुठे राहिले? टेलला.

पूर्वी हे सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या भागात गायन पार्ट्या होत्या, त्यांची एक रीत होती ती सांगतो. हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, दोन-तीन कोरसवाले. भीमजयंतीला, अण्णाभाऊंच्या जयंतीला, कुणाच्या लग्नात त्यांचा कार्यक्रम. आधी सुपारी ठरायची. पण खरी गंमत कार्यक्रमात. गाणं आवडलं की माणूस उठून दहाची, वीसची नोट द्यायचा आणि माईकवरून त्याच्या नावाचा पुकारा व्हायचा. 'अमुक गावच्या अमुक यांच्याकडून पार्टीला वीस रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे.' लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. गाणं मध्येच थांबतं म्हणून. आता वाटतं, काय साधी गोष्ट होती! ऐकणारा समोर, गाणारा समोर, पैसे हातात आणि नाव माईकवर. मध्ये कुणी नाही.

आणि दुसरी गोष्ट नाममुद्रेची. आमच्याच जिल्ह्यातल्या नरसीचे म्हणून आम्ही ज्यांना आपले मानतो ते नामदेव अभंगाच्या शेवटी 'नामा' म्हणून स्वतःचं नाव घालतात. वामनदादा कर्डकांनी (सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ ते २००४) आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायली, तेही गाण्याच्या शेवटी 'वामन' गुंफतात. शाळेत आम्हाला सांगितलं होतं की ही परंपरा आहे. मला वाटतं, त्यात शहाणपणही आहे. गाणं तोंडोतोंडी जाणार, वाटेत नाव गळून पडणार. मग नाव गाण्याच्या आतच शिवून टाका, म्हणजे नाव काढायला गेलं तर गाणंच फाटेल.

सगळेच काही असं शिवत नाहीत. इथे मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. आजवर कुणाला सांगितली नव्हती. आई, तू वाचत असशील तर आत्ताच रागावू नकोस.

२०१० ची गोष्ट. शिक्षण संपलं होतं, नोकरी नव्हती. औंढ्याला एका मित्राच्या मोबाईलच्या दुकानात बसायचो. रिचार्ज, कव्हर आणि मुख्य म्हणजे मेमरी कार्डात गाणी भरून देणं. वीस रुपयांत कार्ड फुल्ल! कुणीतरी आमच्याच भागातल्या एका गायन पार्टीची सीडी आणून दिली. त्यांनी स्वतः पैसे जमवून काढलेली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. प्रत्येक गाण्याला गायकाचं, गीतकाराचं नाव दिलेलं होतं. पण मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर ती लांबलचक नावं तुटायची, गिऱ्हाईक वैतागायचं. म्हणून मी एका दुपारी बसून सगळी नावं काढली. भीमगीत १, भीमगीत २, भीमगीत ३... काम सोपं झालं. ती गाणी खूप चालली. किती कार्डांत भरली असतील याचा हिशोब नाही.

काही महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात साधा मोबाईल. "आमच्या पार्टीचे गाणे हायेत का रे बाबा तुझ्याकडं?" मी म्हटलं, कोणती पार्टी? त्यांनी नाव सांगितलं. मी शोधलं, सापडेना. सापडणार कसं, नावं मीच काढलेली! मग त्यांनी काउंटरवर बोटांनी ताल धरून दोन ओळी म्हणून दाखवल्या. भीमगीत ७. ते गाणं त्यांनीच लिहिलेलं होतं. सीड्या लोकांना वाटण्यात संपून गेल्या होत्या, त्यांच्याकडे एकही उरली नव्हती. नातवाला ऐकवायचं होतं म्हणून आले होते.

मी कार्ड भरून दिलं. त्यांनी वीसची नोट काढली. आणि मी ती घेतली.

वर ते "लई उपकार झाले" म्हणून गेले.

आता ते नाहीत. पार्टी कधीच मोडली. मागच्या वर्षी ते गाणं मला व्हॉट्सअॅपवर आलं. कुठल्या तरी चॅनलवरून उचललेलं, पाठीमागे मिरवणुकीचे फोटो लावलेले. बघणारे तीन लाखांच्या वर. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. आवाज तोच, ढोलकी तीच.

भाच्या, हे तुझ्यासाठी. बघ, गाणं आलं ना वर! चांगलं होतं म्हणूनच आलं. वर आला नाही तो माणूस. गाणं 'आपोआप' पसरतं, एवढं तुझं बरोबर आहे. पण ज्याने ते केलं त्याच्यापर्यंत आपोआप काहीच परत जात नाही. ना पैसा, ना नाव. आणि परत काही गेलं नाही तर पुढचं गाणं होत नाही. आमच्या पार्टीची दुसरी सीडी कधी निघालीच नाही.

२०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला. चित्रपटात आणि ध्वनिमुद्रणात वापरल्या जाणाऱ्या गाण्यांसाठी गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बऱ्याच अंशी सुरक्षित झाला. चांगलं झालं. पण तो हक्क मागायलाही गाण्यावर नाव लागतं. ज्याचं गाणं 'भीमगीत ७' झालंय त्याने कुठल्या खिडकीवर जायचं?

तर आता मी काय करतो, ते सांगतो. उपदेश नाही, माझ्यापुरतं ठरवलेलं.

एक, महिन्याला तीनशे रुपये बाजूला. त्यात एका छोट्या कार्यक्रमाचं तिकीट काढतो, ओळख असली तरी फुकट पास मागत नाही. तिकीट नसेल तर सरळ विचारतो, पैसे कुठे पाठवू? काहीजण बँडकॅम्पवर गाणी विकतात, तिथे विकत घेतो. तिथे डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के आणि व्यवहाराचा खर्च वजा होतो, बाकीचे करणाऱ्याला. तीनशे रुपयांत कुणाचं घर चालत नाही हे मला कळतं. वीसच्या नोटेनेही चालत नव्हतं. पण पुकारा व्हायचा, आणि पुढच्या गाण्याला हुरूप यायचा.

दोन, नाव लावल्याशिवाय गाणं पुढे पाठवायचं नाही. कुणी लिहिलं, कुणी गायलं, कुठले आहेत. दहा सेकंदांचं काम आहे. मला ते पुसायला अख्खी दुपार लागली होती.

तीन, शोधायला स्वतः जायचं. औंढ्याला नागनाथाच्या देवळात नामदेवांची गोष्ट सांगतात ती बहुतेकांना माहीत आहे. कीर्तनाला समोर उभं राहू दिलं नाही, मागे जा म्हणाले. नामदेव मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मागच्या बाजूला आहे, तो बघून लहानपणी आम्हाला ते अगदी पटायचं. आता मी त्या गोष्टीकडे ऐकणाऱ्याच्या बाजूने बघतो. गाणाऱ्याने पुढे घुसायची खटपट केली नाही, तो जिथे उभा केला तिथे गात राहिला. फिरायचं काम ऐकणाऱ्याचं होतं.

आणि फिरलं तर काय काय सापडतं! मुंबईच्या 'स्वदेशी' या रॅप करणाऱ्या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' केलं. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर वऱ्हाडी बोलीत रॅप करतो. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' परदेशातल्या कंपनीने काढलं आणि जगभर वाजलं. ही आता तशी ठाऊक झालेली नावं. पण त्यांनाही कधीतरी पहिल्या तीसजणांनी ऐकलं असेलच की.

एक मात्र खरं. सगळं अनोळखी संगीत चांगलं नसतं. बरंच कच्चं असतं, काही तर कान धरून पळावंसं वाटतं असंही. नाही आवडलं तर नाही म्हणावं. कीव म्हणून ऐकू नये, कलावंताला ती लगेच कळते. माझं म्हणणं इतकंच, की आवडलं तर तिथेच थांबू नका. 'वा वा' फुकट असते आणि तिने ढोलकीची पुडी बदलून होत नाही.

शेवटी नातेवाईक मंडळींना एक विनंती. कुणाच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत आपल्या भागातल्या गायन पार्ट्यांच्या, भजनी मंडळांच्या कॅसेटी किंवा सीड्या पडल्या असतील तर फेकू नका. मला कळवा. आणि त्यात कोण गातंय, कोण वाजवतंय हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून आजच पेनाने लिहून ठेवा. सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

त्या बाबांचं नाव मी वर लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मला ते पाठ आहे. त्यांचा मुलगा गावाकडेच असतो असं कळलंय. पुढच्या खेपेला त्याला भेटायचंय, ते गाणं त्याला द्यायचंय, आणि विचारून मग नाव लिहायचंय. न विचारता आधीच पुष्कळ करून झालंय.

वीस रुपयेही आहेतच.