हातगुण

माझा भाचा टोरांटोला असतो. तिकडच्या थंडीला कंटाळलेली माणसे क्युबाच्या किनाऱ्यावर सुट्टीला जातात, तसा तोही गेला होता. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने बॅगेतून एक अ‍ॅल्युमिनियमची नळी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत कागदी कडे ल्यालेला एक सिगार होता.

"अरे, मला विडी सोडून पंचवीस वर्षे झाली," मी म्हटले.

"मामा, ओढायचा नाहीच. चाखायचा आणि गुण द्यायचे. जन्मभर मुलांचे पेपर तपासलेस ना? मग हा एक आणखी तपास."

सिगारला गुण देतात हे मला ठाऊक नव्हते. पण देतात. १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये केवळ सिगारला वाहिलेले एक मासिक निघाले आणि त्यात शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ झाली. परीक्षकाला नाव कळू नये म्हणून सिगारवरचे कडे आधीच काढतात, बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवरचा नंबर झाकावा तसे. भाच्याने मला या शास्त्राची तोंडओळख करून दिली. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र "तो वास पडद्यांतून महिनाभर जायचा नाही" असा आपला निकाल आधीच जाहीर करून आम्हा दोघांना गच्चीवर पिटाळले.

परीक्षा डोळ्यांपासून सुरू होते. मी सवयीने पट्टी लावली. लांबी १२४ मिलिमीटर, म्हणजे पाच इंचांना जरा कमी. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात; हा पन्नासचा, म्हणजे जवळजवळ वीस मिलिमीटर. या आकाराला 'रोबुस्टो' म्हणतात. वरचे पान तपकिरी, तेलकट तकाकीचे, शिरा बारीक. पानाची कड कुठे संपली हे बोटाला लागत नाही. मग तो दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत हलकेच दाबत जायचे. कुठे पोकळ लागला तर आत पाने कमी पडली, कुठे गाठ लागली तर तिथे पान पिळले गेले. पोकळ जागी तो भराभर जळणार, गाठीपाशी धूर अडणार. म्हणजे काडी ओढण्याआधीच अर्धा पेपर तपासून होतो. आणि जे तपासले जाते ते तंबाखूपेक्षा वळणाऱ्याच्या बोटांचे काम असते.

या बोटांना काय काय ठाऊक असावे लागते ते ऐकून मी थक्क झालो. क्युबाच्या पश्चिमेला पिनार देल रिओ प्रांतात वुएल्ता अबाहो नावाचा मुलूख आहे, तिथली तंबाखू जगात नावाजलेली. वरच्या आवरणाचे पान कोवळे आणि बिनडागी राहावे म्हणून ते रोप पातळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. आतली पाने उन्हातली. त्यांतही रोपाच्या तळाचे पान सौम्य आणि चटकन पेटणारे, मधले सुवासाचे, शेंड्याचे जाड, कडक आणि सावकाश जळणारे. वळणारा ही पाने हातावर घडीघडीने घेतो, त्यांच्यामधून हवेला वाट ठेवतो आणि शेंड्याचे पान नेमके मध्यभागी बसवतो. ते कडेला गेले तर सिगार एका अंगाने जळत जातो. मग बांधणीचे पान, मग आवरण, आणि शेवटी टोकाला पानाचीच छोटी टोपी, डिंकाच्या थेंबाने चिकटवलेली. हत्यार म्हणाल तर एक लाकडी पाट आणि एक बाकदार पाते. तरबेज माणूस दिवसभरात असे शंभराच्या आसपास वळतो.

भाच्याने टोपी कापली. न पेटवताच एक झुरका घेऊन पाहायचा असतो. जिभेवर वाळलेल्या कडब्याची आणि नव्या लाकडी खोक्याची चव आली. पेटवायचा तो लाकडी काडीने, ज्योत लागू न देता, पापड भाजावा तसा फिरवत फिरवत. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नाही. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवून सोडायचा. फ्रेंच लोक सिगारचे तीन भाग करतात आणि सांगतात की पहिला गवत, दुसरा दैवी आणि तिसरा शेणखत! माझा अनुभव यापेक्षा फार वेगळा नव्हता. पहिल्या भागात गवत आणि मिरीची चुणचुण. दुसऱ्यात भाजलेल्या शेंगदाण्याचे साल, कडू कॉफी, मागून किंचित गोडवा. राख इंचभर झाली तरी ढळली नाही, हे चांगल्या बांधणीचे लक्षण. एकदाच तो तिरका जळला, पण आपणहून सावरला. तिसऱ्या भागाच्या उंबरठ्यावर तोंड जड झाले, कपाळावर घाम आला आणि मी तो ठेवून दिला.

इथे एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी, कारण हे पान घरातली मुलेही वाचतात. धूर छातीत घेतला नाही म्हणजे सिगार निरुपद्रवी झाला असे नाही. त्याच्या धुरातले निकोटीन तोंडाच्या त्वचेतूनच रक्तात उतरते. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचा कर्करोग सिगारनेही होतो. गुणपत्रिकेवर मात्र या विषयाचा रकाना नसतो.

असो. मी मास्तर, तेव्हा गुण दिले. रूप, बांधणी, जळण, चव असे करत बेरीज सत्त्याऐंशी झाली. भाचा खूश झाला. आणि मग उत्तरपत्रिकेवर नाव पाहावे तसा मी नाव शोधू लागलो. कड्यावर मार्क्याचे नाव होते. खोक्याच्या तळाशी म्हणे कारखान्याची सांकेतिक अक्षरे आणि महिना-वर्ष असते. वळणाऱ्याचे नाव कुठेच नाही. सत्त्याऐंशी गुण ज्याच्या बोटांनी मिळवले, त्याला ते कळणारही नाहीत.

मला आई आठवली.

आम्ही सिन्नरचे. सिन्नर म्हटले की विडी हे तिकडे पोरासोरांनाही ठाऊक. माझी आई आणि आळीतल्या पाच-सहा बाया दुपारी आमच्या ओसरीवर बसत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवलेली तेंदूची पाने, कात्री, मापाला पत्र्याचा तुकडा आणि दोऱ्याचे रीळ. पान कापायचे, चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, वळायचे, तोंड मुडपायचे, दोरा गुंडाळायचा. शंभर नव्हे, दिवसाला हजार. आई बोलत असे, भांडत असे, मला दटावत असे. बोटे तिकडे पाहत नसत. पोकळ विडी भरभर जळते आणि गच्च विडी ओढता ओढता विझते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. क्युबातला कारागीर पाटावर जे तारतम्य वापरतो, तेच ती सुपात वापरत होती.

तिच्या विड्यांनाही परीक्षक होता. संध्याकाळी ठेकेदाराच्या मुनीमापुढे सूप ठेवायचे. तो जुड्या उलटसुलट करून मूठ-दोन मुठी विड्या 'छाट' म्हणून बाजूला सारी. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाटलेल्या विड्या परतही नाहीत. पाने सडकी निघाली आणि हजार भरले नाहीत तर पदरची पाने घालून भरायचे. मी लहान होतो, तरी एक कोडे मला पडे. ज्या विड्या वाईट, त्या मुनीम टाकून का देत नाही? तोही गुणच देत होता. फरक एवढाच की सिगारचा परीक्षक चांगले काय ते शोधतो आणि किंमत वाढवतो. आईचा परीक्षक वाईट शोधायचा आणि किंमत कापायचा. दोघांनाही वळणाऱ्याचे नाव विचारायची गरज पडत नव्हती.

हवानाची एक गोष्ट मात्र भाच्याने सांगितली आणि ती माझ्या मनातून जात नाही. तिथल्या कारखान्यांत वळणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवणारा एक माणूस असतो. ही प्रथा १८६५ साली एल फिगारो नावाच्या कारखान्यात सुरू झाली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचकाचा पगार पूर्वी कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि कादंबरी कोणती वाचायची हेही तेच ठरवत. शिकलेल्या कामगारांची धास्ती घेऊन स्पॅनिश सरकारने पुढच्याच वर्षी या वाचनावर बंदी घातली. प्रथा त्यालाही पुरून उरली. १९३५ साली निघालेल्या 'मॉन्टेक्रिस्टो' या प्रसिद्ध सिगारचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आले, कारण वळणाऱ्यांना ती फार आवडे. फ्लोरिडातल्या टँपा शहरी स्थायिक झालेल्या अशाच कामगारांनी होझे मार्तीच्या स्वातंत्र्यलढ्याला आपल्या मजुरीतून पैसा पुरवला. तिथल्या मालकांनी १९३१ साली वाचकांना कायमचे घरी पाठवले. क्युबाने २०१२ साली या वाचनाला राष्ट्राचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

क्युबातला वळणारा सुखात लोळतो असे मला म्हणायचे नाही. ज्या सिगारला परदेशात मूठभर डॉलर पडतात, तो वळणाऱ्याचा सरकारी पगार बेताचाच असतो. पण हात कामात गुंतलेल्या माणसाचे कान आणि डोके मोकळे असते, ते उपाशी ठेवू नये, एवढे तिथे कोणाला तरी सुचले. आमच्या ओसरीवर तो वाचक मी होतो. शाळेचे पुस्तक, श्रावणात पोथी, आणि तंबाखू ज्यात बांधून येई ते आठवड्यापूर्वीचे वर्तमानपत्र. बाया सांगत, "वाच रे, थांबू नको." मी मास्तर झालो त्याचे मूळ तिथे आहे, हे मला सत्तरीला, एका परदेशी सिगारपाशी उमगावे ही गंमतच!

१९६६ साल मला यासाठी लक्षात राहते. त्या वर्षी क्युबात 'कोहिबा' हा कॅस्ट्रोसाठी वळला जाणारा सिगार मार्का म्हणून जन्माला आला. ज्या एल लागितो कारखान्यात तो होई, तिथे मुद्दाम बायकांना वळण्याचे शिक्षण देऊन कामाला घेतले गेले. त्याच वर्षी आपल्या संसदेने विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा केला. नावातच दोघे शेजारी! घरी बसून वळणाऱ्या बाईलाही त्या कायद्याने कामगार मानले आणि नाकारलेल्या विड्यांच्या पैशांचा तंटा कसा सोडवावा याचाही त्यात विचार होता. आमच्या ओसरीपर्यंत तो यायला पुष्कळ वर्षे लागली. आईची बोटे तोवर थकली होती आणि खोकला जडला होता. तिने आयुष्यात एकही विडी ओढली नाही. सुपातली धूळ तेवढी रोज श्वासात गेली.

पण संघटना केली तर काय होते, हेही याच महाराष्ट्राने पाहिले. सोलापूरजवळ कुंभारीला विडी वळणाऱ्या बायांनी लढून दहा हजार घरांची वसाहत मिळवली आणि २००६ साली घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. तिला नाव गोदूताई परुळेकरांचे आहे. ती घरे कोणी गुण म्हणून दिली नाहीत. बायांनी आपला पेपर आपणच तपासून घेतला.

तंबाखू बंद व्हावी असे मला मनापासून वाटते. विडीही आणि सिगारही. पाकिटावर कर्करोगाचे चित्र छापले ते योग्यच झाले. पण ओढणाऱ्याला सावध करणाऱ्या त्या चित्रात वळणारी कुठेच नाही. ज्या दिवशी विडी बंद होईल, त्या दिवशी तिच्या मांडीवरच्या सुपात दुसरे काय ठेवायचे, याचे उत्तर आपल्याकडे आधी तयार हवे. हजार पाने डोळे मिटून एकसारखी कापणारी बोटे अडाणी नसतात. त्यांना दुसरे कसब शिकवणे अवघड नाही. अवघड आहे ते त्यांच्यात कसब आहे हे कबूल करणे. सिगारच्या बाबतीत आपण ते किती सहज कबूल करतो! 'हाताने वळलेला' म्हटले की किंमत दसपट होते. विडीही हातानेच वळलेली असते, पण तिथे तो शब्द कोणी उच्चारत नाही.

वैद्याच्या बाबतीत आपण हातगुण म्हणतो. तोच शब्द वळणाऱ्याला का लावू नये? सिगार असो, पापड असो, गोधडी असो, चाखणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने आणखी एक रकाना वाढवावा : हे ज्याच्या हातचे, त्याच्या हाती काय पडले?

खाली आलो तेव्हा सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावूनच विचारले, "मग, किती दिलेत?"

"सिगारला सत्त्याऐंशी," मी म्हटले. "बाकीचा निकाल राखून ठेवलाय."