खुर्ची आतली की बाहेरची?

दिवाणखान्यातली खुर्ची पाहुण्यांची आणि तिचे हात-पाय खिळखिळे झाले की मग ती अंगणातली, अशी आपल्याकडची रीत. डेन्मार्कमध्ये १९५९ साली एका बाईंनी हा भेदच मिटवला. वास्तुकार बोडिल केअर (जन्म १९३२) यांनी सागवानी सामानाची एक मालिका आखली आणि ती घरात आणि घराबाहेर दोन्हीकडे चालावी असा बेत ठेवला. त्यातली आरामखुर्ची म्हणजे काटकोनातली बसकी चौकट, सरळ पट्ट्या आणि वर सुट्या गाद्या. कोरीव वेलबुट्टी औषधालाही नाही.

डेन लोकांना ही सोय का हवी, ते त्यांचे पंचांग सांगेल. कोपनहेगनला डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा, तर जूनमध्ये साडेसतरा तासांचा. ऊन असे शिध्यासारखे मोजून मिळू लागले, म्हणजे त्यात बसायची खुर्ची अडगळीतली कशी चालेल?

लाकूड मात्र तिकडचे नव्हे. साग आपल्या बाजूचा. इंग्रजीतला 'टीक' हा शब्दसुद्धा मल्याळममधून पोर्तुगीजांमार्फत तिकडे गेला. सागाच्या अंगचेच तेल त्याला पाण्यापासून जपते. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमली' हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. मग खुर्चीला चार सरींचे ते काय भय?

उघड्यावरचा साग हळूहळू रुपेरी होतो. आपण लगेच पॉलिशवाल्याला बोलावू! केअरबाईंची ही खुर्ची अलीकडे पुन्हा निघाली, ती लाकडाला काहीही न लावता. पिकल्या केसांना कलप कशाला, हाच विचार.

अर्धे घर, अर्धे अंगण अशी जागा आपल्याकडेही होती. तिचे नाव ओसरी. तिथे टेकणारा धड पाहुणा नसे, धड परकाही नसे. फ्लॅटमध्ये ओसरीची गॅलरी झाली, आणि गॅलरीला काचा लावून आपण तिचीही खोली केली. काचेने धूळ अडली, हे खरे. पण तिच्याबरोबर शेजारीही अडला.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीत नवी खुर्ची घ्या, न घ्या. घरातलीच एखादी कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात ओढा. येणाऱ्या-जाणाऱ्याने "काय, निवांत?" असे विचारावे, एवढी जागा घराला असलीच पाहिजे.