राखेला जामीन कोण?

बँकेत असताना कर्जप्रकरणासाठी गोंदियाची एक राइस मिल तपासायला गेलो होतो. यंत्रे, धान, तांदूळ, कोंडा, साऱ्याची किंमत मांडली. बॉयलरमागच्या राखेच्या ढिगाची मात्र मांडली नाही. आज ती चूक वाटते.

१०० किलो धानामागे सुमारे २० किलो तूस निघते. ते जाळले की चारेक किलो राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९० टक्के सिलिका असते. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी ही सिलिका संयोग पावते आणि काँक्रीट घट्ट होते. दळलेल्या राखेने १० ते १५ टक्के सिमेंट वाचू शकते. भारतीय मानक ४५६ मध्ये २००० सालीच या राखेला मुभा मिळाली आहे.

मग घोडे अडले कुठे? सगळी राख सारखी नसते. साधारण ७०० अंशांच्या आत जळालेली कामाची. त्याहून फार तापली की सिलिका स्फटिकरूप होऊन निरुपयोगी ठरते. मानकही राखेत एकसारखेपणा मागते.

म्हणजे प्रश्न शोधाचा नाही, पतीचा आहे. जामिनाशिवाय आम्ही कर्ज देत नव्हतो. मग इंजिनिअरने तरी बेभरवशाच्या राखेवर स्लॅब का टाकावा? राख तपासून हमी देणारा उभा राहीपर्यंत ती शेजारच्यांच्या वाळवणावरच बसणार.