नाशिक दर्शन : आठ स्पॉट, चार तास आणि गोष्ट एकही नाही!

नाशिकमध्ये घर असलं की एक ड्यूटी आपोआप अंगावर पडते. दिवाळीत नाहीतर मे महिन्यात कोणाचे तरी मामा-मामी, काका-काकू येतात आणि घरातलं इंजिनिअरिंगला असलेलं पोरगं, म्हणजेच घरच्यांच्या मते रिकामं पोरगं, त्यांना नाशिक दाखवायला पाठवलं जातं. (आमची सबमिशन्स कोणाला दिसतात?) मग आपण काय करतो? पंचवटीत एक रिक्षा ठरवतो, नाहीतर ‘नाशिक दर्शन’ची गाडी. रामकुंड, कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, मुक्तिधाम, पांडवलेणी, सोमेश्वर. चार तासांत खेळ खल्लास! प्रत्येक ठिकाणी चपला काढा, फोटो काढा, चपला घाला, चला पुढे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण पाहुण्यांना नाशिक दाखवतो, पण सांगत काहीच नाही. आणि जे पाहुण्याला सांगायचं बंद होतं, ते थोड्या वर्षांनी आपल्यालाही आठवेनासं होतं.

आता एक गंमत बघा. आपल्याच गंगापूर रोडने धरणाकडे गेलं की सुला वाईनयार्ड्स लागतं. तिथे रीतसर गाइडेड टूर असते. एक माणूस तुम्हाला फिरवतो, द्राक्षं आल्यापासून बाटली भरेपर्यंत काय काय होतं ते समजावतो आणि शेवटी टेस्टिंग. टेस्टिंगसाठी अजून माझं वय बसत नाही, पण तिथे जाऊन आलेले पाहुणे घरी येऊन ओकच्या पिंपांवर लेक्चर देतात ते मी ऐकलंय. तेच पाहुणे पांडवलेणीहून येतात तेव्हा एवढंच सांगतात, “पायऱ्या फार आहेत गं!” म्हणजे पंचवीस-तीस वर्षांच्या वाईनचं त्यांना सगळं समजलं आणि दोन हजार वर्षांच्या लेण्यांच्या फक्त पायऱ्या लक्षात राहिल्या. दोष पाहुण्यांचा नाही. एका ठिकाणी कोणीतरी बोललं, दुसऱ्या ठिकाणी कोणी बोललंच नाही.

पांडवलेणीत बोलण्यासारखं काय आहे? मित्रांनो, बसून घ्या!

त्रिरश्मी डोंगरावरची ही चोवीस लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. पांडवांचं नाव लोकांनी नंतर दिलं. तीन नंबरच्या लेण्यात एका आईचा शिलालेख आहे, गौतमी बलश्रीचा. मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी, ज्याच्या घोड्यांनी तिन्ही समुद्रांचं पाणी प्यायलं असं ती अभिमानाने कोरून ठेवते. नातू राज्यावर असताना आजीने दिलेलं हे दान आहे. दहा नंबरच्या लेण्यात तर आपल्या ब्रँचवाल्यांनी कॅल्क्युलेटर घेऊनच जावं. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे तीन हजार कार्षापणांची चक्क फिक्स्ड डिपॉझिट लिहून ठेवली आहे! पैसे ठेवले कोणाकडे? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण टक्क्याने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी. गणित करा. दोन हजारांचे महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशोब आजही टॅली होतो, बॉस!

आणि गोवर्धन कुठे? सोमेश्वरच्या पुढे गंगापूर गावाला लागून गोवर्धन गाव आहे. शिलालेखातलं नाव अभ्यासक याच गावाशी जोडतात. म्हणजे ज्या रोडवर आपण कॉलेज बुडवून कॉफी प्यायला जातो, त्या रोडवर त्या काळी विणकरांची बँक चालत होती. हे ऐकल्यावर पाहुण्यांना पायऱ्या जास्त वाटतील का?

आता काळाराम. तिथे साधारणपणे काय सांगतात? मूर्ती काळी आहे म्हणून काळाराम, देऊळ सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकात बांधलं, दगड रामशेजचा. छान. पण याच देवळाच्या दारांसमोर २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांचे साथी तो पुढे सुमारे पाच वर्षं लढवत राहिले. हजारो बायका-पुरुष दारं उघडायची वाट बघत होते आणि दारं उघडली नाहीत. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. देशाच्या इतिहासाचं एक मोठं वळण नाशिक ते येवला एवढ्या अंतरात आहे, आणि मी पाहुण्यांबरोबर जितक्या वेळा गेले तितक्या वेळा रिक्षावाल्या काकांच्या तोंडून यातला एक शब्द ऐकला नाही. हे सांगितल्याने देवळाचं काही कमी होत नाही. दर्शन घ्यावं आणि त्या दारात दोन मिनिटं थांबावंही. ज्यांचे आजी-आजोबा त्या दाराबाहेर बसले होते, तेसुद्धा नाशिककरच आहेत. त्यांची गोष्ट टूरमधून गाळली तर तिला ‘नाशिक’ दर्शन कसं म्हणायचं?

यादी इथेच संपत नाही. नारोशंकराच्या देवळाची घंटा पोर्तुगीज आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. १७३९ च्या वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी ती आणली असं मानतात. दुतोंड्या मारुती हे आपलं पुराचं मीटर, पाणी त्याच्या कुठपर्यंत आलं त्यावर नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. कुठलाही सेन्सर नाही, बॅटरी नाही! गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर आपण मॅच बघतो, त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरमध्ये ‘संगीत शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारा हा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. आपल्या फर्स्ट इयरच्या ज्युनिअर्सपेक्षाही लहान. आणि तो जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, हेही सांगायला हवं. गोष्ट सोपी नसली की ती जास्त लक्षात राहते.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. रोममध्ये कलोसियम कुठे आहे आणि अथेन्सच्या टेकडीवर काय आहे हे आम्हाला पाठ होतं. त्या शहरांमध्ये गाइड व्हायला परीक्षा पास व्हावी लागते, लायसन्स लागतं. तिथला गाइड चार पडक्या खांबांवर अर्धा तास बोलतो आणि लोक पैसे देऊन ऐकतात. अर्थात तिकडेही सगळं आलबेल नाही. व्हेनिसमध्ये सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे टूरिस्ट एवढे झाले की २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी त्यांना पाच युरो एंट्री फी लावली, आणि मूळ शहरात राहणारे लोक पन्नास हजारांच्याही खाली गेले. म्हणजे नुसती गर्दी आली की शहर जगतं असं नाही. आपल्याकडेही शिर्डी-शिंगणापूर-त्र्यंबक करत निघालेल्या गाड्या नाशिकला दोन तास देतात आणि जातात. २०२७ च्या सिंहस्थात तर विचारूच नका. रस्ते, घाट, पार्किंग यावर सगळे बोलताहेत. आलेल्या माणसाला सांगायचं काय, यावर कोण बोलतंय?

यावर लोक म्हणतात, “अगं, आपल्याकडे येतात ते भाविक. त्यांना दर्शन हवं असतं, इतिहासाचं लेक्चर नको.” मला हे पटत नाही. भाविकांना गोष्टी आवडत नाहीत? अहो, आपली पुराणं म्हणजे दुसरं काय! शिवाय नाशिकचे पहिले गाइड भाविकांसाठीच तर होते. रामकुंडावरचे आणि त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय आलेल्या कुटुंबाला उतरवून घ्यायचे, विधी करायचे, क्षेत्र दाखवायचे आणि चोपडीत वंशावळ लिहून ठेवायचे. पणजोबा येऊन गेल्याची नोंद त्या वह्यांमध्ये आजही सापडते. पाहुणा कोण, कुठला, हे ते विचारायचे. आजच्या पॅकेज टूरमध्ये पाहुणा म्हणजे फक्त सीट नंबर.

काही जण म्हणतात, रिक्षावाले काहीही सांगतात. मला उलट त्यांचं कौतुक वाटतं. कोणी शिकवलं नाही, तरी ते निदान बोलतात तरी! हिंदीत, गुजरातीत, मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्येही बोलतात. त्यांना हसण्यापेक्षा चार रविवार नीट ट्रेनिंग द्यावं, बॅज द्यावा आणि सांगण्याचे वेगळे पैसे ठरवून द्यावेत. दुकानात गिऱ्हाईक नेण्याच्या कमिशनपेक्षा गोष्ट सांगण्याचे पैसे जास्त मिळाले, तर गाडी दुकानासमोर कमी आणि शिलालेखासमोर जास्त वेळ थांबेल. यात आदर्शवाद नाही, साधं अर्थशास्त्र आहे.

आणि आपण? दरवर्षी फायनल इयरला तेच ते प्रोजेक्ट, अटेंडन्स सिस्टिम आणि स्मार्ट पार्किंग. त्याऐवजी दहा नंबरच्या लेण्यातला शिलालेख मराठी-हिंदीत ऐकवणारा ऑडिओ गाइड का नाही? गोदाघाटाचा दुतोंड्या मारुतीपासून काळारामपर्यंतचा चालत फिरायचा रूट मॅप का नाही? एनएसएसचे तास झाडं लावण्यात जातात ते उत्तमच, पण त्यातला एक रविवार वॉक नेण्यात घालवला तर? आधी आपल्याच फर्स्ट इयरला न्यावं. जळगाव, धुळे, नगरहून आलेली मुलं चार वर्षं हॉस्टेलमध्ये राहतात आणि त्यांना माहीत असलेलं नाशिक कॉलेज रोडच्या टोकाला संपतं.

माझी सूचना अगदी छोटी आहे. पुढच्या वेळी पाहुणे आले की आठ स्पॉट करू नका. दोनच करा. पण जाण्याआधी त्या दोन जागांबद्दल प्रत्येकी पाच गोष्टी नीट वाचा, व्हायवाला वाचतो तशा. मग तिथे पाहुण्यांना सावलीत बसवा आणि सांगा. मामी म्हणतील, “मुक्तिधाम राहिलं की गं!” राहू दे. त्या निमित्ताने पुन्हा येतील.