बुडविलेली नौका आणि जिवंत प्रवाळ

भारतीय नौदलात १९८५ साली दाखल झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सुपूर्द करण्यात आली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवती रॉक परिसरात ती समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालील संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्तिका निर्माण करण्याच्या योजनेस केंद्र सरकारने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. या योजनेचे मूल्यमापन केवळ पर्यटनवृद्धीच्या निकषावर करणे पुरेसे ठरणार नाही.

मालवण-तारकर्ली परिसरात स्कूबा डायव्हिंग हा अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. या व्यवसायाचा भार मात्र सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यातील नैसर्गिक प्रवाळांवर पडतो. येथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले, तर २००१ मध्ये टणक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. तथापि, होडीचा नांगर किंवा नवख्या पर्यटकाचा पाय पडताच प्रवाळ मोडतो. काही प्रजाती वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढत असल्याने ही हानी भरून येण्यास दशके लागतात. त्यातच सागरी तापमानवाढीमुळे प्रवाळ पांढरे पडण्याचे जागतिक संकट एप्रिल २०२४ मध्ये चौथ्यांदा जाहीर झाले.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ २००२ साली ‘स्पीगल ग्रोव्ह’ ही निवृत्त नौका बुडविण्यात आली. त्यानंतरच्या पाहणीत नैसर्गिक प्रवाळांवरील वावर घटल्याचे आणि व्यवसाय मात्र वाढल्याचे आढळले. सिंधुदुर्गातील परिस्थिती वेगळी आहे. बुडालेल्या जहाजाभोवती सूर मारण्यास प्रशिक्षण व अनुभव लागतो. मालवणला येणारे बहुसंख्य पर्यटक प्रथमच पाण्याखाली उतरतात. त्यामुळे नवे आकर्षण निर्माण झाले तरी जुन्या प्रवाळांवरील गर्दी कायम राहण्याचा, किंबहुना वाढण्याचा संभव आहे.

म्हणूनच नांगराऐवजी कायमस्वरूपी तरंगते बोये, दैनंदिन पर्यटकसंख्येवर मर्यादा आणि प्रशिक्षित मार्गदर्शकांची सक्ती हे उपाय योजनेचाच भाग असले पाहिजेत. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. सुरक्षेतील शिथिलतेची किंमत त्यातून दिसून आली. मच्छीमारांनाही निर्णयप्रक्रियेत स्थान मिळणे आवश्यक आहे. पोलादी सांगाड्यावर नवे जीवन कालांतराने रुजेल. परंतु आज जिवंत असलेले प्रवाळ राखणे हे त्याआधीचे कर्तव्य होय.